हलत्या चित्राचे हातपाय पुन्हा पुन्हा बिघडतात? आधी सांगाडा बघा

माझं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुटीच्या दिवशी हाताने काढलेली पात्रं एआयच्या मदतीने हलवतो. रीत आता पुष्कळांना माहीत आहे. एक स्थिर चित्र द्यायचं, एक खऱ्या माणसाचा व्हिडिओ द्यायचा, आणि व्हिडिओतल्या माणसाची हालचाल चित्रातल्या पात्राच्या अंगात उतरवायची. जमलं की फार सुंदर दिसतं. पण एक दुखणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढतं. पात्र दोन सेकंद नीट नाचतं, मग कोपर भलतीकडे वळतं, बोटं एकमेकांत विरघळतात, पाय जमिनीवरून घसरत जातात, चेहरा दुसऱ्याच कुणाचा होतो.

शिगम्यासाठी घोडेमोडणीचं, म्हणजे कमरेला घोडा बांधून करायच्या नाचाचं, चित्र हलवायला घेतलं तेव्हा हेच झालं. चित्र माझंच होतं: डोक्यावर फेटा, कमरेला फुलांनी मढवलेला पांढरा घोडा, उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लगाम. संदर्भाला मांडावर, म्हणजे गावातल्या नाचाच्या जागेवर, रात्री मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ. पहिला निकाल आला तेव्हा भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मामा, हा पाय कुणाचा?" घोड्याच्या झालरीखालून खरोखरच तिसरा पाय आला होता. मी सीड, म्हणजे मॉडेल ज्या यादृच्छिक आकड्यापासून सुरुवात करतं तो, बदलला. पाय दोन झाले, पण दोन्ही डावे. परत सीड बदलला. प्रॉम्प्टमध्ये 'दोन पाय, नीट पावलं' असं लिहिलं. अशा तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी तयार झालेला व्हिडिओ बाजूला ठेवला आणि मधल्या टप्प्यात तयार होणारा सांगाड्याचा, म्हणजे नाचणारा नुसत्या काड्यांचा दिसतो तो, व्हिडिओ उघडला. तिसरा पाय तिथेच होता. मॉडेलने तो मनाने काढलेला नव्हता, आम्हीच त्याच्या हातात दिला होता.

त्यानंतर मी क्रम बदलला. पात्र बिघडलं की आधी सांगाडा बघतो, मग चित्र बघतो, आणि सीडला सर्वांत शेवटी हात लावतो. हे सविस्तर लिहितोय, कारण सीड बदलत बसून रात्री घालवणारे इथे मी एकटाच नाही.

मध्ये नक्की काय घडतं

मी वापरतो ते मॉडेल वान २.२ ॲनिमेट. अलीबाबाने ते सप्टेंबर २०२५मध्ये खुलं केलं. मी ते कॉम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये चालवतो. दुसरं साधन वापरत असाल तरी पुढचं बरंचसं लागू पडेल, कारण २०२३च्या अखेरीस आलेल्या ॲनिमेट एनीवनपासून या कामाची मुख्य वाट तीच राहिली आहे. संदर्भ व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेममधून माणसाच्या सांध्यांचे बिंदू काढायचे, ते रेषांनी जोडून काड्यांचा माणूस उभा करायचा, आणि चित्रातल्या पात्राला त्या काड्यांप्रमाणे वळवायचं. नाचणाऱ्याचा फेटा, साडी, घोडा, वजन, यातलं काहीही काड्यांत येत नाही. आलं पाहिजे ते फक्त सांधे.

सांधे ओळखणारं मॉडेल निराळं असतं. ओपनपोझच्या प्रचलित रेखाटनात अंगाचे १८ बिंदू असतात आणि ते घोट्यापाशी संपतात. डीडब्ल्यूपोझ एकूण १३३ बिंदू ओळखतो: अंगाचे १७, पावलांचे ६, चेहऱ्याचे ६८ आणि दोन्ही पंज्यांचे मिळून ४२. आकडा मोठा दिसतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. दिसला नाही तो सांधा हे मॉडेल एक तर गाळतं किंवा अंदाजाने कुठेतरी ठेवतं. अंदाज चुकला तरी रेषा तितक्याच ठसठशीत उमटतात, आणि पुढच्या मॉडेलला खरी रेषा कुठली, अंदाजाची कुठली, हे कळायला काही मार्ग नसतो.

चेहऱ्याची वाट वेगळी आहे. वान ॲनिमेट संदर्भ व्हिडिओतला चेहरा कापून घेतं आणि त्यातले हावभाव स्वतंत्रपणे वापरतं. म्हणून हातपाय बिघडले तर सांगाड्याकडे जायचं, चेहरा बिघडला तर कापलेल्या चेहऱ्याकडे. दोन दुखणी एका औषधाने बरी होत नाहीत.

सांगाडा वाचायचा कसा

सांगाड्याचा व्हिडिओ वेगळा जतन करा आणि पाव वेगाने बघा. संदर्भ व्हिडिओ शेजारी लावला तर आणखी चांगलं. मी पहिल्या खेपेला फक्त रंग बघतो. उजव्या आणि डाव्या अंगाच्या काड्या वेगवेगळ्या रंगांत येतात. एखाद्या फ्रेममध्ये हे रंग अचानक अदलाबदल झाले, तर ओळखणाऱ्याने माणसाची पाठ म्हणजे पोट समजलं आहे. तयार व्हिडिओत त्या जागी पात्राचे पाय एकमेकांतून आरपार जाताना दिसतील.

दुसऱ्या खेपेला काड्यांची लांबी बघतो. मांडीची काडी एका फ्रेममध्ये लांब आणि पुढच्या फ्रेममध्ये अर्धी झाली, तर तो सांधा अंदाजाने ठेवलेला आहे. माणसाची मांडी फ्रेमगणिक आखूड होत नाही. माणूस कॅमेऱ्याकडे झुकला तर काडी छोटी दिसेल, पण सावकाश. उडी मारून नाही.

तिसऱ्यांदा पंजे. पूर्ण माणूस फ्रेममध्ये असताना पंजा जेमतेम नखाएवढा दिसतो, आणि तेवढ्या जागेत २१ बिंदू नीट बसत नाहीत. रात्रीच्या उजेडात तर हात हलला की पंज्याचा नुसता पुसट पट्टा उरतो. पंज्याचे बिंदू सैरभैर असतील तर ते बंद करून केवळ मनगटापर्यंतचा सांगाडा द्या. बोटं नसलेला सांगाडा चालतो, कारण बोटं मॉडेल चित्रावरून काढतं. चुकीच्या बोटांचा सांगाडा चालत नाही. ही एक गोष्ट केल्याने माझ्या निम्म्या तक्रारी संपल्या.

आणि माणसं मोजा. मांडावर एकटा कोण नाचतो? मागे ढोलवाला, बाजूला ताशेवाला, समोरून पळणारी पोरं. ओळखणारा कधी याला धरतो, कधी त्याला. आमच्या तिसऱ्या पायाचं मूळ अर्धं तिथेच होतं: तो मागे उभ्या असलेल्या ढोलवाल्याचा पाय होता. अशा व्हिडिओत एका माणसाचा मास्क करून, म्हणजे त्याचा आकार वेगळा काढून, बाकीचं काळं करायचं. मेटाने २०२४मध्ये दिलेलं सॅम २ हे काम चांगलं करतं. पहिल्या फ्रेममध्ये माणसावर दोन-तीन ठिपके दिले की ते पुढच्या फ्रेममध्ये त्याचा माग काढतं. पण दुसरा माणूस समोरून आडवा गेला की मास्क त्याच्यामागे जाऊ शकतो, म्हणून मास्कसुद्धा डोळ्यांनी तपासायचा.

मोबाइलवरच्या किंवा वेबवरच्या बंद सेवा वापरणाऱ्यांना सांगाडा दिसत नाही. त्यांनी संदर्भ व्हिडिओ थांबवत थांबवत बघावा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावं: दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे, दोन्ही घोटे मला बोट ठेवून दाखवता येतात का? मला जे दाखवता येत नाही ते यंत्रही नीट ओळखणार नाही.

घोड्याखालचे पाय

मास्क केल्यावर ढोलवाला गेला, पण उरलेला अर्धा प्रश्न तसाच राहिला. घोडेमोडणीत घोडा कमरेला बांधलेला असतो आणि त्याची झालर गुडघ्यांच्या आसपास येते. म्हणजे कंबर झाकलेली, मांड्या झाकलेल्या, गुडघे कधी दिसतात कधी नाहीत. ओळखणाऱ्याला वर छाती दिसते, खाली दोन पावलं दिसतात, मधला सगळा हिशेब अंदाजाचा. शिवाय लाकडी घोड्याची मान पुढे आलेली. दोन-चार फ्रेममध्ये त्याने घोड्याच्या मानेलाच हात समजून काडी काढली होती.

उपाय सोपा वाटला: घोडा न बांधता नाचून घ्यायचं, कारण घोडा चित्रात आहेच. वाड्यावरचे एक काका वर्षानुवर्षं घोडेमोडणी करतात. त्यांना विचारलं, कशासाठी हवंय तेही सांगितलं. त्यांनी आधी मांडाच्या मानकऱ्यांना विचारलं आणि मगच होकार दिला. हा आमच्याकडे देवाच्या दारातला नाच आहे, त्याची हालचाल उचलून दुसऱ्या चित्रात घालायची तर विचारूनच घालायची, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. कुणाच्याही नाचाला हे लागू आहे.

काका घोड्याविना नाचले. मी समाधानाने सांगाडा काढला. एकदम स्वच्छ! पण ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बाबू, हा नाच नव्हे. घोडा कमरेला नसला की पाय हलके पडतात." आणि खरंच तसं होतं. कमरेवर ओझं असलं की माणूस गुडघ्यांतून थोडा बसतो, वळताना आधी खांदा जातो आणि मग कंबर. ओझं काढलं की सगळं उडतं होतं. तो सांगाडा चित्राला दिला असता तर घोडा कागदी पिशवीसारखा उडाला असता.

शेवटी काकांनीच वाट काढली. घोड्याची नुसती बांबूची चौकट होती, कापड न लावलेली. ती त्यांनी कमरेला बांधली, पुढे-मागे वजनासाठी वाळूच्या दोन छोट्या पिशव्या अडकवल्या. बांबू इतके बारीक होते की त्यांच्याआड मांड्या-गुडघे झाकले जात नव्हते. अंगात घट्ट काळा टीशर्ट आणि अर्धी पँट, मागे चुन्याने रंगवलेली भिंत. सांगाडा स्वच्छ आला आणि पायांत वजनही राहिलं. झाकणारा पोशाख असलेल्या कुठल्याही नाचाला हेच सांगेन: पोशाख काढा, त्याचं वजन काढू नका.

तलवारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती सांगाड्यात नसतेच. मॉडेल ती चित्रात बघून ओढत नेतं आणि हात वेगाने फिरला की ती वाकते, कधी दोन होतात. काकांच्या हातात मी वीतभर लाकडाचा तुकडा दिला, म्हणजे मूठ नीट वळलेली राहते आणि लांब काठी अंगावर आडवी येत नाही. प्रॉम्प्टमध्ये उजव्या हातात सरळ तलवार आहे असं लिहिलं. तरीही दोन ठिकाणी ती वाकलीच. मग त्या २३ फ्रेममध्ये मी तलवार हाताने काढली. तासभर लागला. सगळं यंत्रानेच करायला हवं असा हट्ट कशाला?

फुगडी आणि पाठ

शाळेतल्या मुलींसाठी फुगडीचं चित्र केलं तेव्हा दुसरीच अडचण. फुगडीत माणूस गरगर फिरतो, आणि आपलं चित्र एकच, समोरून काढलेलं. पात्राची पाठ कशी दिसते हे मॉडेलला कुणीच सांगितलेलं नाही. अंबाडा आहे की वेणी, अंबाड्यात फुलं कुठली, साडीची गाठ कुठे, सगळं ते मनाने भरतं. एका फेरीत अंबाडा, दुसऱ्या फेरीत मोकळे केस. त्यात रंगांची अदलाबदल असतेच, कारण पाठमोऱ्या वेगवान माणसाचं डावं-उजवं ओळखणाऱ्याला पटकन लागत नाही. दोघींनी हातात हात अडकवलेले असले की चार हातांचा एकच गुंता होतो.

इथे माझं मत स्पष्ट आहे. एका सलग शॉटमध्ये पूर्ण गिरकी काढण्याचा नाद सोडा. मी दोन चित्रं काढली, समोरची आणि पाठमोरी. संदर्भ व्हिडिओ पाठ वळते त्या फ्रेमला कापला, दोन तुकडे वेगवेगळे केले आणि गाण्याच्या ठेक्यावर जोडले. फुगडीचा वेग असा की जोड डोळ्याला लागत नाही. जोडीच्या फुगडीत दोघींना वेगवेगळं चित्रित केलं: एकीने भिंतीतल्या कडीला बांधलेली दोरी धरून फिरायचं, मग दुसरीने. एकत्र आणायचं काम नंतर एडिटिंगमध्ये.

पोशाखात कुणबी साडी होती. ती गुडघ्याच्या जरा खाली येते म्हणून पाय छान दिसतात, पण तिच्या बारीक चौकडीने दुसरा त्रास दिला. चौकडी मुंग्यांसारखी वळवळत होती. कारण असं की, हे मॉडेल चित्र आहे तसं हाताळत नाही. ते आधी लांबी-रुंदीत ८ पट आणि काळात ४ पट आकसून घेतं. चौकडीचा एक चौकोन ८ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आकसलेल्या रूपात त्याला धड जागाच नसते, आणि दर काही फ्रेमला तो नव्याने रचला जातो. मी चित्रात चौकडी मोठी केली आणि पात्र फ्रेममध्ये जवळ आणलं. वळवळ जवळजवळ थांबली. मोठ्या रेझोल्यूशननेही फरक पडतो, पण त्याला ग्राफिक्स कार्डाची मेमरी हवी.

नरकासुर सडपातळ झाला

नरकासुराचं चित्र एका सातवीतल्या मुलाचं. डोकं प्रचंड, छाती दाराएवढी, हात जाड, पाय तोकडे, जसे आपल्याकडे चवदसच्या रात्री गावोगाव उभे राहतात तसेच. नाचायला भाचा उभा राहिला. निकाल बघून त्या मुलाचा चेहरा पडला, कारण त्याचा नरकासुर माझ्या भाच्यासारखा सडपातळ झाला होता.

कारण सांगाड्याच्या मापात आहे. काड्यांची लांबी, खांद्यांची रुंदी, डोक्याची उंची ही सगळी मापं भाच्याची. मॉडेलपुढे दोन परस्परविरोधी गोष्टी येतात: चित्र सांगतं खांदे रुंद, सांगाडा सांगतो अरुंद. पुष्कळदा सांगाडा जिंकतो. यावर उपाय म्हणजे सांगाड्याची मापं पात्राच्या मापात बदलून घेणं, ज्याला रीटार्गेट म्हणतात. वान ॲनिमेटच्या पूर्वतयारीत ती सोय आहे, पण ती आपोआप लागलेली आहे असं धरून चालू नका, तपासा. तिला पहिल्या फ्रेममधल्या नाचणाऱ्याची आणि चित्रातल्या पात्राची मापं जुळवावी लागतात. म्हणून दोघंही सुरुवातीला समोर तोंड करून, हात अंगापासून सुटे ठेवून, पाय थोडे फाकवून उभे असले पाहिजेत. मूळ चित्रात नरकासुराने हात छातीवर बांधले होते. मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, हाच नरकासुर हात पसरून उभा काढशील?" त्याने काढला. नव्या चित्रावर खांदे रुंद राहिले.

तरीही डोकं थोडं लहान झालं. फार वेगळ्या बांध्याच्या पात्राला साधारण माणसाचा सांगाडा पूर्णपणे बसत नाही. तिथे मी भाच्याला खांद्यांत उशा बांधून, पावलं आखूड टाकत नाचायला लावलं. हालचाल पात्राच्या जवळ आली की यंत्राचं ओझं कमी होतं.

पात्र कमरेपर्यंतच काढलेलं आणि व्हिडिओ पायापर्यंतचा, हा याच दुखण्याचा भाऊ. पाय मॉडेल कल्पनेने जोडतं आणि पहिल्याच सेकंदात पात्र झटका खातं. चित्र पायापर्यंत पूर्ण करा किंवा व्हिडिओ कमरेपर्यंत कापा. आणि चित्रातल्या उभ्या राहण्याशी जुळणारी फ्रेम व्हिडिओत सुरुवातीला आणा, आधीचं छाटा.

चेहरा

कापलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ वेगळा बघा. फेट्याची सावली डोळ्यांवर असेल, मान खाली असेल, चेहरा तळहाताएवढा धूसर असेल, तर पात्राच्या चेहऱ्यावर तेच येतं: अर्धमिटले डोळे, भरकटलेले ओठ. पात्र हळूहळू नाचणाऱ्यासारखं दिसायला लागलं तर चेहऱ्याचा जोर कमी करा. कॉम्फीयूआयच्या बऱ्याच नोडमध्ये, म्हणजे कामाच्या चौकटींमध्ये, तो आकडा असतो. मी लांबच्या शॉटमध्ये चेहऱ्याचे हावभाव वापरत नाही. जवळचा शॉट हवा असेल तर चेहरा वेगळा चित्रित करतो, खिडकीच्या उजेडात, बसून. केवळ चेहराच हलवायचा असेल तर २०२४मध्ये आलेलं लाइव्हपोर्ट्रेट पुरतं आणि ते पुष्कळ हलकं आहे. नरकासुराच्या सुळ्यांसाठी आणि मिशांसाठी मात्र मला अजून हाताने दुरुस्ती करावी लागते.

चित्रीकरणातच सुटणाऱ्या गोष्टी

पाय घसरतात ही तक्रार सर्वांत जास्त ऐकली, आणि तिचं उत्तर सर्वांत साधं आहे: ट्रायपॉड. सांगाडा फ्रेमच्या चौकटीत मोजला जातो. मोबाइल हातात असेल आणि डावीकडे वीतभर सरकला, तर सांगाड्यात माणूस उजवीकडे सरकतो, आणि पात्र जागच्या जागी उभं असताना बर्फावरून घसरल्यासारखं दिसतं. ट्रायपॉड नसेल तर खुर्चीवर दोन पुस्तकांच्या मध्ये मोबाइल उभा करा. झूम करू नका. पावलांचे बिंदू रेखाटले जातात की नाही तेही पाहा. घोट्यावर संपणाऱ्या सांगाड्यात पाऊल कुठे वळलंय हे कळतच नाही.

उजेड सकाळचा घ्या. आम्ही आठ-साडेआठला अंगणात घेतो, ऊन थेट अंगावर येण्याआधी. शटर सेकंदाच्या २५०व्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर हात पुसट होत नाहीत. रात्री मांडावरच्या ट्यूबलाइटमध्ये हे शक्य नसतं, म्हणून मांडावरचा व्हिडिओ मी आता नाच समजून घ्यायला ठेवतो, सांगाडा काढायला नाही.

यंत्रावरच्या काही गोष्टी

वेग वाढवणारा चार-सहा पायऱ्यांचा लोरा (मॉडेलला जोडायची छोटी फाइल) लावला असेल तर सीएफजी, म्हणजे प्रॉम्प्ट किती कसून पाळायचा तो आकडा, १ ठेवतात. त्या अवस्थेत निगेटिव्ह प्रॉम्प्टचा, म्हणजे काय नको ते सांगणाऱ्या मजकुराचा, काहीही परिणाम होत नाही. 'जादा बोटं नकोत, तिसरा पाय नको' असं त्यात कितीही लिहिलं तरी ते वाचलं जात नाही. मी तीन संध्याकाळी तेच लिहीत होतो. चाचणीला हा लोरा ठेवा, शेवटच्या निकालाला तो काढून जास्त पायऱ्यांनी चालवून बघा, विशेषतः हात महत्त्वाचे असतील तर.

चाचणी करताना सीड कायम ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. नाहीतर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

फ्रेमची संख्या चारच्या पटीत एक मिळवून येणारी हवी: ७७, ८१ अशी. लांब व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत होतो आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या फ्रेम धरून पुढे जातो. त्यात बारीक चुका साचत जातात. चौथ्या-पाचव्या तुकड्यात रंग भडक होतात, चेहरा बदलतो. मी सलग लांब शॉट करत नाही. ढोलाच्या समेवर कापतो, आणि प्रत्येक शॉट पुन्हा मूळ चित्रावरून सुरू करतो.

मेमरीचा हिशेब आधीच करून ठेवा. १४ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये नुसतं ठेवायलाच साधारण २८ जीबी घेतं, ८ बिटमध्ये १४ जीबी. आमच्या १६ जीबीच्या कार्डावर ८ बिट आणि काही भाग रॅमवर सरकवून चालतं, पण सावकाश. मेमरी संपल्याचा संदेश आला तर आधी रेझोल्यूशन कमी करा, मग तुकड्याची लांबी. आणि प्रत्येक तुकडा झाल्याबरोबर जतन होऊ द्या. जूनमध्ये आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरताच पुरतो.

ढोलाशी पाय जुळत नाहीत

शेवटची गोष्ट फ्रेमच्या वेगाची. मोबाइलचा व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने घेतला आणि पुढे तो सगळा १६ फ्रेमच्या वेगाने बाहेर काढला, तर १० सेकंदांचा नाच ३७.५ सेकंदांचा होतो. पात्र पाण्यात नाचल्यासारखं दिसतं आणि लोक म्हणतात मॉडेल मंद आहे. व्हिडिओ आत घेतानाचा आणि बाहेर काढतानाचा वेग एकच ठेवा. शिवाय मोबाइल बऱ्याचदा बदलत्या वेगाने रेकॉर्ड करतो, उजेड कमी झाला की फ्रेम गाळतो. म्हणून पहिलं काम म्हणून मी एफएफएमपेग या प्रोग्रॅमने व्हिडिओ स्थिर ३० फ्रेमवर आणतो. मगच सांगाडा.

हे सगळं करून घोडेमोडणी पुरी झाली तेव्हा काकांना घरी बोलावून दाखवली. त्यांनी घोड्याकडे पाहिलं, तलवारीकडे पाहिलं, मान हलवली. मग डोळे मिटून नुसता ढोल ऐकला, परत डोळे उघडून पाय पाहिले. म्हणाले, "पाय आधी पडतोय." मी फ्रेम फ्रेम करून पाहिलं. चित्राशी जुळावं म्हणून सुरुवातीच्या ९ फ्रेम कापल्या होत्या, ढोलाचा आवाज मात्र कापलाच नव्हता. ३० फ्रेमच्या वेगात ९ फ्रेम म्हणजे ०.३ सेकंद. आवाज तेवढा छाटला, काकांनी पुन्हा पाहिलं, आणि यावेळी त्यांचा पाय टेबलाखाली ठेका धरू लागला.